प्रीतिसंगमावरचं पाकळ्यांचं कडं आणि रायचौधुरींचं समीकरण

कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात. बहुतेक नद्या एकमेकींना तिरप्या मिळतात. इथं मात्र दोघी तोंडासमोर येतात आणि एक होऊन काटकोनात बाजूला वळतात. हिवाळ्यात पाणी संथ असताना, नेमकं जिथं दोन्ही प्रवाह भिडतात तिथं झेंडूच्या पाकळ्यांचं एक मीटर रुंदीचं गोल कडं सोडलं आहे असं समजा. दहा सेकंदांनी ते कसं दिसेल?

भिडायला येणारं पाणी शेवटच्या दहा मीटरमध्ये सेकंदाला अर्धा मीटर या वेगावरून शून्यावर येत असेल, तर दर मीटरला वेग ०.०५ मीटरनं बदलतो. म्हणजे कडं नद्या भिडण्याच्या दिशेनं सेकंदाला ५ टक्के दरानं चेपलं जातं आणि पाणी निघून जाण्याच्या दिशेनं तेवढ्याच दरानं लांबतं. दहा सेकंदांनी ते सुमारे १.६५ मीटर लांब आणि ०.६१ मीटर रुंद झालेलं असतं. दोन्हींचा गुणाकार एकच येतो, म्हणजे आकार बदलला पण क्षेत्रफळ होतं तेवढंच राहिलं.

आता तेच कडं काठालगत सोडा. काठाला चिकटलेलं पाणी जवळजवळ थांबलेलं असतं आणि आतलं वाहतं, त्यामुळं कडं तिरकं होत लांबतं आणि लांबता लांबता थोडं वळतंही. तिसरी शक्यता म्हणजे खालून पाणी वर येत असेल किंवा वरचं खाली जात असेल, तर कडं गोलच राहून मोठं किंवा लहान होतं.

पाकळ्यांच्या कड्याच्या बाबतीत यापलीकडं चौथं काही होऊ शकत नाही. कुठलाही प्रवाह असो, त्यातल्या लहानशा कड्याचा बदल नेहमी या तिघांच्या बेरजेत मांडता येतो: फुगणं, लांबणं आणि गिरकी. पुस्तकांत पहिल्याला थीटा, दुसऱ्याला शिअर म्हणजे सिग्मा आणि तिसऱ्याला व्हॉर्टिसिटी म्हणजे ओमेगा म्हणतात. गणितात हे फार साधं आहे. कुठल्या दिशेनं गेलं की वेगाचा कुठला घटक किती बदलतो याचं एक चौकोनी कोष्टक म्हणजे मॅट्रिक्स मांडायचं. तिच्या कर्णावरच्या संख्यांची बेरीज म्हणजे फुगणं. ती काढून घेतल्यावर उरलेला सममित भाग म्हणजे लांबणं आणि विषमसममित भाग म्हणजे गिरकी. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला जे मॅट्रिक्सचं प्रकरण शिकवतात, त्यापेक्षा यात जास्त काही नाही.

गिरकीबद्दल एक गैरसमज मात्र हमखास होतो. भोवऱ्याच्या मध्यापासून जरा लांब, गोल गोल फिरणारी काडी पाहिली की वाटतं, ही गिरकी. पण ती काडी मध्याभोवती प्रदक्षिणा घालते आहे. ती स्वतःभोवती फिरते का, हा प्रश्न वेगळा आहे. दोन काड्या बांधून केलेली लहानशी फुली त्या पाण्यात सोडली आणि ती प्रदक्षिणा घालताना आपलं तोंड एकाच दिशेला ठेवत असेल, तर तिथं ओमेगा शून्य आहे. काठालगतच्या सरळ वाहणाऱ्या पाण्यात मात्र तीच फुली स्वतःभोवती फिरते. प्रवाह सरळ असूनही तिथं ओमेगा आहे.

घरी हे परातीत पाहता येतं. परात जितकी मोठी तितकं बरं, पाणी चार बोटं. कुरमुरे वापरायचा मोह होतो, पण ते जवळ आले की पृष्ठताणामुळं एकमेकांना खेचून गुच्छ करतात आणि सगळं मोजमाप बिघडतं. पाकळ्यांचे बारीक तुकडे, एकमेकांपासून किमान दोन सेंटिमीटरवर ठेवले तर हा त्रास बराच कमी होतो. पंखा बंद ठेवायचा आणि मोबाइल बरोबर वरून, परातीला समांतर धरायचा. मोबाइल तिरका असेल तर गोल कडंही लंबगोल दिसतं आणि नसलेला शिअर मोजला जातो. नदीवर करायचं तर पावसाळ्यात आणि धरणातून पाणी सोडलेलं असताना घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर उतरू नये.

हे तीन भाग तर द्रवांच्या अभ्यासात पूर्वीपासून होतेच. ते घेऊन कोलकात्याच्या एका तरुण संशोधकानं वेगळा प्रश्न विचारला. कडं पाण्यावर न तरंगता अवकाशात मोकळं सोडलं, आणि त्याच्यावर गुरुत्वाकर्षणाखेरीज दुसरं काहीही नसलं, तर या तिघांचं पुढं काय होतं?

त्यांचं नाव अमल कुमार रायचौधुरी. जन्म १४ सप्टेंबर १९२३, बारिसालचा, जे आता बांगलादेशात आहे. वडील गणिताचे शिक्षक. शिक्षण कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात, मग १९४४ मध्ये कोलकाता विद्यापीठाची एम.एस्सी. त्यानंतर ते इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत आले. रामन यांनी १९२८ मध्ये रामन परिणाम शोधला ती हीच संस्था. तिथली सुरुवातीची चारेक वर्षं प्रयोगांच्या कामात गेली आणि त्यातून हाती फारसं काही लागलं नाही. पुढं ते आशुतोष कॉलेजात शिकवू लागले, आणि तिथं शिकवता शिकवता व्यापक सापेक्षता, म्हणजे आइन्स्टाइनच्या गुरुत्वाच्या सिद्धांताकडं वळले. १९५२ मध्ये पुन्हा त्याच संस्थेत संशोधनाची नोकरी मिळाली, पण काम दिलं गेलं धातूंच्या गुणधर्मांवर. सापेक्षतेचं काम त्यांनी त्या नोकरीत असतानाच चालू ठेवलं. १९५३ मध्ये श्वार्झशिल्ड सिंग्युलॅरिटीवरचा (सिंग्युलॅरिटी म्हणजे गणितात जिथं घनतेसारखी राशी अनंत होते ती जागा) त्यांचा लेख ‘फिजिकल रिव्ह्यू’मध्ये आला आणि १९५५ मध्ये त्याच नियतकालिकात चार पानांचा तो लेख आला, ज्यातलं समीकरण आज त्यांच्या नावानं ओळखलं जातं.

त्या काळी विश्वाची जी गणितं लोक करत ती सगळी आखीव होती. विश्व सगळीकडं सारखं, सगळ्या दिशांना सारखं. असं विश्व काळात मागं मागं नेलं की सगळं एका क्षणी एकत्र येतं आणि घनता अनंत होते. यावर सरळ शंका होती: हा अनंतपणा त्या आखीवपणातूनच आला असेल. सगळे कण बरोबर मध्याकडं नेम धरून निघाले तर आपटणारच. खऱ्या विश्वात थोडी वेडीवाकडी चाल असते, मग ते एकमेकांच्या बाजूनं निघून जातील आणि अनंत घनता टळेल. शिवाय १९४९ मध्ये गणिती गोडेलनं फिरणाऱ्या विश्वाचं उत्तर मांडलं होतं, त्यामुळं गिरकीचाही विचार करणं भाग होतं. रायचौधुरींनी आखीवपणा सोडून दिला आणि कणांच्या कुठल्याही वेड्यावाकड्या झुबक्याला लागू होईल असं गणित केलं. ते शब्दांत असं आहे:

फुगण्याच्या दरातला बदल = − (फुगण्याचा दर)² ÷ ३ − शिअरचा वर्ग + गिरकीचा वर्ग − गुरुत्वाची ओढ

उजव्या बाजूला चार गोष्टी आहेत. तीन उणे, एक अधिक. सगळं सार या चिन्हांत आहे, म्हणून प्रत्येक पद नीट पाहू.

पहिल्या पदात गुरुत्व नाहीच, नुसती भूमिती आहे. ३ मीटर त्रिज्येचा धुळीचा गोळा घ्या, ज्यातला बाहेरचा प्रत्येक कण मध्याकडं सेकंदाला ३ सेंटिमीटर वेगानं निघालाय. त्रिज्या सेकंदाला १ टक्का कमी होते, म्हणून घनफळ ३ टक्के दरानं. कुणीही कुणाला ओढत नाही, वेग तोच राहतो. पन्नास सेकंदांनी त्रिज्या दीड मीटर होते. वेग तेच ३ सेंटिमीटर, पण आता ते दीड मीटरच्या २ टक्के आहेत, म्हणजे घनफळाचा दर ६ टक्के. नव्वद सेकंदांनी त्रिज्या ३० सेंटिमीटर, दर ३० टक्के. नव्व्याण्णवाव्या सेकंदाला त्रिज्या ३ सेंटिमीटर, दर ३०० टक्के. बरोबर शंभराव्या सेकंदाला त्रिज्या शून्य होते आणि दर अनंत. हा शंभराचा आकडा कुठून आला ते पाहा: ३ भागिले ०.०३. एकदा आकुंचन सुरू झालं आणि मदतीला गिरकी नसली, तर ३ भागिले सुरुवातीचा दर एवढ्या वेळाच्या आत सगळं एकवटणार. बाकीची दोन उणे पदं हा वेळ कमीच करतात.

दुसरं पद शिअरचं, आणि रायचौधुरींच्या कामाचा खरा गाभा माझ्या मते इथं आहे. वेडीवाकडी चाल वाचवेल ही जी आशा होती, तिचं उत्तर या पदात आहे. तीन दिशांचे तीन दर घ्या. मोकळ्या कणांसाठी प्रत्येक दिशेचा दर स्वतःच्या वर्गाइतका घटत जातो, आत्ताच गोळ्यात पाहिलं तसा. म्हणून एकूण दरातली घट म्हणजे तीन वर्गांची बेरीज. तिन्ही दिशांना −१, −१, −१ असे दर असतील तर बेरीज −३ आणि वर्गांची बेरीज ३. आता सगळं आकुंचन एकाच दिशेला करा: −३, ०, ०. बेरीज तीच −३, पण वर्गांची बेरीज ९. जादा आलेले सहा म्हणजेच शिअर. वर्ग कधीच उणे नसतो, त्यामुळं दिशादिशांत जितका फरक जास्त तितकं एकवटणं लवकर.

हे कराडच्या कड्यावर लावून बघा. तिथं सुरुवातीला एका दिशेला +५ टक्के, दुसऱ्या दिशेला −५ टक्के. क्षेत्रफळाचा दर शून्य. नदीच्या पाण्यात ते शून्यच राहिलं, कारण पाण्याचा दाब कणांना सतत बाजूला वळवत राहतो. आता मनातल्या मनात पाणी काढून टाका. प्रत्येक पाकळी तिला मिळालेल्या वेगानं सरळ रेषेत जाऊ दे. पाच सेकंदांनी कडं १.२५ मीटर लांब, ०.७५ रुंद, क्षेत्रफळ सुरुवातीच्या ९४ टक्के. दहा सेकंदांनी दीड बाय अर्धा, म्हणजे ७५ टक्के. पंधरा सेकंदांनी १.७५ बाय ०.२५, म्हणजे ४४ टक्के. विसाव्या सेकंदाला लांबी २ मीटर आणि रुंदी शून्य. सगळ्या पाकळ्या एका रेषेवर. सुरुवातीला क्षेत्रफळ कमी होण्याचं नावही नव्हतं, तरी नुसत्या ओढाताणीनं कडं मिटलं. नदीत दाब सांभाळून घेतो. अवकाशात मोकळ्या पडणाऱ्या कणांना सांभाळायला कुणी नाही.

गुरुत्वाचं पद समजायला ज्वारीचे दाणे घ्या. एक मीटर त्रिज्येच्या गोलात पसरलेले दाणे निर्वात जागेत ७८ मीटर खाली पडू दिले, म्हणजे साधारण चार सेकंद. खालचे दाणे पृथ्वीला जवळ असल्यानं जास्त खेचले जातात, वरचे कमी, आणि कडेचे दाणे पृथ्वीच्या मध्याकडं जायचं म्हणून किंचित आत सरकतात. चार सेकंदांनी बाजूचा दाणा सुमारे १२ मायक्रॉन आत येतो, वरचा आणि खालचा दाणा मध्यापासून सुमारे २५ मायक्रॉन लांब जातो. माणसाच्या केसाची जाडी याच्या दोन-तीन पट असते. खऱ्या डोंगरकड्यावरून हे मोजायला गेलं तर हवेचा अडथळा आणि वारा यापेक्षा हजारो पटींनी मोठा गोंधळ घालतात, म्हणून निर्वात. दोन बाजूंनी एकेक भाग चेपलं, एका दिशेनं दोन भाग लांबलं. बेरीज शून्य. पृथ्वीच्या बाहेर रिकाम्या जागेत गुरुत्व घनफळ थेट कमी करत नाही, फक्त शिअर निर्माण करतं. मग शिअर आपलं काम करतो.

दाणे पदार्थाच्या आत असतील तर गोष्ट वेगळी. पृथ्वी सगळीकडं सारख्या घनतेची मानली आणि तिच्यातून दाणे विनाअडथळा पडू शकतात असं धरलं, तर तिन्ही दिशांना ओढ आतच असते. तेव्हा गुरुत्वाचं पद म्हणजे घनता गुणिले ४π गुणिले न्यूटनचा स्थिरांक. कराडच्या जमिनीवरून सोडलेला दाणा, निम्म्या वाटेवरून सोडलेला दाणा आणि मध्यापासून एक किलोमीटरवर सोडलेला दाणा, तिघंही पृथ्वीच्या मध्याशी एकाच क्षणी पोचतात, सुमारे २१ मिनिटांनी. अंतर जास्त तशी ओढही त्याच प्रमाणात जास्त, म्हणून. आइन्स्टाइनच्या सिद्धांतात यात एक भर पडते: नुसती घनता ओढत नाही, दाबही ओढतो, आणि तोही तीन वेळा मोजला जातो. ताऱ्याला आतून सावरणारा दाब एका बाजूनं त्याला धरून ठेवतो आणि दुसऱ्या बाजूनं त्याची ओढ वाढवतो. फार जड ताऱ्यांना हे महागात पडतं.

आता उरलं एकमेव अधिक चिन्ह, गिरकीचं. फिरणारी वस्तू बाहेर फेकते, हे कपडे पिळणाऱ्या धुण्याच्या मशिनमध्ये दिसतं, आणि समीकरणात ते असं येतं. कराडच्या मोकळ्या कड्याला थोडी गिरकी देऊन बघू. ओढाताण म्हणजे शिअर सेकंदाला ५ टक्के आणि गिरकी शून्य असताना कडं २० सेकंदांत मिटलं. गिरकी सेकंदाला ०.०३ रेडियन दिली तर ते २५ सेकंदांत मिटतं. ०.०४ दिली तर सुमारे ३३ सेकंदांत. ०.०५ दिली की मिटतच नाही. हिशेब काटकोन त्रिकोणाचा आहे: ओढाताणीच्या वर्गातून गिरकीचा वर्ग वजा करायचा, वर्गमूळ काढायचं, आणि एकाला त्यानं भागायचं. काठालगतच्या पाण्यात ओढाताण आणि गिरकी बरोबर सारखी असते, म्हणून तिथं कडं तिरकं होत लांबत राहतं पण क्षेत्रफळ हलत नाही.

म्हणजे वेडीवाकडी चाल वाचवत नाही, वाचवलं तर फक्त गिरकी वाचवू शकते. आणि गिरकीबद्दल एक उपयोगी नियम आहे. कणांचा झुबका सुरुवातीला गिरकीशिवाय निघाला आणि त्यावर गुरुत्वाखेरीज काही नसलं, तर गिरकी पुढं आपोआप जन्म घेत नाही. शिअर जन्म घेतो, गिरकी नाही. तेव्हा सिद्धांत मांडणाऱ्याला विश्वातला खरा फिरणारा पदार्थ घ्यायची गरजच नाही. गिरकी नसलेला चाचणी-कणांचा झुबका निवडायचा आणि अवकाशाचं काय होतंय ते त्याच्याकडून वदवून घ्यायचं.

इथं सावध राहायला हवं. कण एकवटले म्हणजे सिंग्युलॅरिटी आली, असं नाही. पृथ्वीच्या मध्याशी सगळे दाणे २१ मिनिटांनी भेटले तरी पृथ्वीला काही झालं नाही. आरशानं किरण एका बिंदूवर आणले तरी अवकाश फाटत नाही. रायचौधुरींचं समीकरण किरण एकवटतील एवढंच सांगतं. त्या एकवटण्यातून अवकाश-काळाच्या अंताबद्दल काही सिद्ध करायला आणखी एक पायरी लागते, आणि ती १९६५ मध्ये ब्रिटिश गणिती रॉजर पेनरोजनं चढली. लेख तीन पानांचा. त्यानं पदार्थाऐवजी प्रकाशकिरण घेतले. प्रकाशाच्या झुबक्याला आडव्या दोनच दिशा असतात, म्हणून ३ च्या जागी २ येतात, आणि एकवटायचा वेळही २ भागिले दर. प्रकाशासाठीचं हे रूप राइनर साक्सनं १९६१ मध्ये मांडलं होतं. पेनरोजची कल्पना अशी: फुग्यासारखा बंद पृष्ठभाग घ्या आणि त्याच्यावरून एका क्षणी प्रकाश सोडा. एरवी बाहेर जाणाऱ्या प्रकाशाचं क्षेत्रफळ वाढतं, आत जाणाऱ्याचं घटतं. गुरुत्व इतकं तीव्र असेल की बाहेर सोडलेल्या प्रकाशाचंही क्षेत्रफळ घटू लागलं, तर तो सापळा झाला. रायचौधुरींच्या युक्तिवादानं तो प्रकाश ठरलेल्या मुदतीत एकवटणारच. मग पेनरोजनं दाखवलं की असं झालं आणि अवकाश-काळ मात्र अखंड राहिला, हे दोन्ही एकत्र बसत नाही. कुठल्या तरी किरणाचा मार्ग अर्ध्यावर संपतो. १९७० मध्ये हॉकिंग आणि पेनरोज यांनी मिळून हेच विश्वाच्या आरंभालाही लावलं.

मधल्या काळात, १९६३ मध्ये, सोव्हिएत युनियनमधल्या लिफशिट्झ आणि खलात्निकोव्ह यांनी उलट निष्कर्ष काढला होता: आखीवपणा नसलेल्या सर्वसाधारण विश्वात सिंग्युलॅरिटी येत नाही. तो त्यांना १९७० च्या सुमारास मागं घ्यावा लागला.

विश्वाच्या वयाला हे लावून पाहिलं की आकडा चकित करतो. आज दर मेगापार्सेक (सुमारे ३३ लाख प्रकाशवर्षं) अंतरामागं दीर्घिका सेकंदाला सुमारे ७० किलोमीटर वेगानं दूर जातात. घनफळाचा दर याच्या तिप्पट, म्हणून ३ भागिले दर म्हणजे सुमारे १,४०० कोटी वर्षं. विश्वाचं मोजलेलं वय सुमारे १,३८० कोटी वर्षं. दोन्ही आकडे इतके जवळ आले हा मात्र बराचसा योगायोग आहे. विश्वाचं प्रसरण वेग घेत असल्याचं १९९८ मध्ये कळलं, आणि ज्या कृष्ण ऊर्जेमुळं ते होतं तिचा दाब उणे असतो. दाब तीन वेळा मोजायचा म्हटल्यावर गुरुत्वाच्या पदाचं चिन्हच उलटतं आणि वरची मुदत बंधनकारक राहत नाही. हे समीकरणाचं अपयश नव्हे. समीकरण तसंच आहे, त्यात घालायचा पदार्थ वेगळा निघाला.

रायचौधुरींच्या आयुष्यात या सगळ्याचा क्रम उलटा पडला. लेख १९५५ चा, आणि तेव्हा त्यांच्याकडं डॉक्टरेट नव्हती. पास्कुअल योर्डानसारख्या भौतिकशास्त्रज्ञानं लेखाची दखल घेतल्याचं कळल्यावर त्यांनी प्रबंध सादर केला आणि पेपर छापून चारेक वर्षं झाल्यावर डी.एस्सी. मिळवली. परीक्षकांत सापेक्षतेतले मोठे अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ जॉन व्हीलर होते. १९६१ मध्ये ते प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले आणि पंचवीस वर्षं तिथं शिकवलं. विद्यार्थ्यांमध्ये ते ‘एकेआर’ होते. १८ जून २००५ ला ते गेले. पेनरोजना कृष्णविवरांवरच्या त्या कामासाठी नोबेल मिळालं ते २०२० मध्ये.

सातारा, सांगलीतल्या कॉलेजांत शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्यांनी या क्रमाकडं नीट पाहावं असं वाटतं, कारण सैद्धांतिक कामाला प्रयोगशाळा लागत नाही, पण नियतकालिकं, बोलायला माणसं आणि सलग वेळ लागतो. पहिली अडचण आता बरीच सुटली आहे. १९९१ पासून चालू असलेल्या ‘आर्काइव्ह’ या संग्रहावर नवे लेख फुकट वाचता येतात, तासगावात किंवा वाईत बसूनही. माणसांसाठी पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे, १९८८ साली विद्यापीठांतल्या आणि कॉलेजांतल्या लोकांना डोळ्यासमोर ठेवूनच सुरू झालेली. तिथं कॉलेजच्या शिक्षकांसाठी व्हिजिटिंग असोसिएट योजना आहे, ज्यात आपली नोकरी सांभाळून सुट्टीत तिथं जाऊन काम करता येतं. विद्यार्थ्यांची वाट ठरलेली आहे: शिवाजी विद्यापीठाच्या बी.एस्सी.नंतर आयआयटीची ‘जाम’ परीक्षा देऊन एम.एस्सी., मग नेट, जेस्ट किंवा गेट देऊन पीएच.डी. जानेवारी २०२३ पासून नेटची जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढं ४२,००० रुपये आहे, घरभाडं वेगळं. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं, आणि त्यानंतर पक्क्या नोकरीआधी दोन-तीन वर्षांच्या एक-दोन पोस्टडॉक धरून चालायचं. तिसाव्या वर्षाच्या पुढंही नोकरी हंगामी असणार, हे घरी आधीच सांगून ठेवलेलं बरं.

तयारीसाठी मात्र सलग वेळ आपल्यालाच काढावा लागतो, आणि हे समीकरण स्वतः काढणं ही त्यासाठी उत्तम सुरुवात आहे. आधी सापेक्षता बाजूला ठेवा. वेगांच्या फरकाची मॅट्रिक्स घ्या. मोकळ्या कणांसाठी तिचा काळानुसार बदल म्हणजे उणे तिचाच वर्ग. कर्णाची बेरीज घ्या, तीन भागांत तोडा, चार ओळींत समीकरण येतं. मग गुरुत्वाची मॅट्रिक्स वजा करा. हे पक्कं झाल्यावरच टेन्सर आणि वक्र अवकाशाकडं वळा. तिथं अडकायला होतं ते ठरावीक जागी. काही पुस्तकांत शिअरच्या वर्गाची व्याख्या निम्मी करून घेतात, म्हणून समीकरणात त्याच्यामागं २ दिसतात. दोन पुस्तकांतली सूत्रं मिसळली की उत्तर दुपटीनं चुकतं. काहींची चिन्हांची पद्धत उलटी असते आणि गुरुत्वाच्या पदात येणाऱ्या रिची टेन्सरचं चिन्ह फिरतं. गुरुत्वाखेरीज दुसरं बल असलं, म्हणजे कण मोकळे नसले, तर एक जादाचं पद येतं, ते विसरलं जातं. आणि प्रकाशाच्या गणितात सवयीनं ३ लिहिले जातात.

चूक झाली आहे का हे तपासायला कराडचं कडं पुरतं. कड्याच्या पातळीत दोनच दिशा असतात, म्हणून इथंही ३ च्या जागी २. ओढाताण ०.०५, गिरकी ०.०३, गुरुत्व शून्य. काढलेल्या समीकरणात या संख्या घालून क्षेत्रफळ शून्य व्हायला २५ सेकंद यायला हवेत. २५ येत नसतील, तर आधी शिअरच्या मागचे २ बघा, मग गिरकीचं चिन्ह.